एका फेरीची शर्यत आणि सहा तासांची मुदत

२८ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पुरुषांच्या ४०० मीटर धावण्याच्या टी-४७ गटात नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा दिलीप महादू गावित ४९.४८ सेकंदांत पहिला आला. भारताचे त्या स्पर्धेतले ते शंभरावे पदक ठरले आणि एरवी खेळाच्या पानावर कोपऱ्यात गेली असती अशी बातमी पहिल्या पानावर आली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्येही दिलीप याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावला आणि आठवा आला.

टी-४७ मधला ‘टी’ ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी आहे आणि ४७ हा आकडा एका हाताच्या अपंगत्वाचा गट दाखवतो. दिलीप लहानपणी झाडावरून पडला होता. त्या दुखापतीत त्याला हात गमवावा लागला.

झाडावरून पडणे म्हणजे काय, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शाळांना सुट्टी लागली की आंबा, जांभूळ, फणस यांच्या फांद्यांवर पोरे असतातच. त्यातही जांभळाचे लाकूड ठिसूळ. फांदी न वाकता एकदम मोडते. मोठी माणसे भाताच्या राबासाठी कवळ तोडायला झाडावर चढतात, पाऊस तोंडावर आला की कौले परतायला छपरावर चढतात. पडणारा माणूस स्वतःला सावरायला हात पुढे करतो आणि सगळा भार त्या हातावर येतो. मोडलेले हात घेऊन आलेली मुले डोंगराळ तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या ओळखीची असतात.

त्यातल्या बहुतेक मुलांचे हात बरे होतात. हाड मोडणे वेगळे आणि हात जाणे वेगळे. मोडलेले हाड आठवड्यांनी जुळते, वाकडे जुळले तरी पुढे सरळ करता येते. हात जातो तो बहुधा दोन कारणांनी: जखमेत पसरलेला जंतुसंसर्ग किंवा तुटलेला रक्तपुरवठा. यातल्या दुसऱ्या कारणाबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. रक्त कमी पडलेल्या स्नायूचे काय होते, हे समजून घ्यायला ४०० मीटरच्या शर्यतीइतके सोपे उदाहरण दुसरे नाही.

एका फेरीत काय घडते?

ट्रॅकची एक पूर्ण फेरी म्हणजे ४०० मीटर. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खा सिंग यांचे पदक थोडक्यात हुकले ते याच अंतरात. शंभर मीटरची शर्यत दहा-अकरा सेकंदांत संपते. पाच-दहा किलोमीटर धावणारा आपला वेग श्वासाच्या हिशेबाने ठेवतो. चारशे मीटरवाल्याला या दोन्ही सोयी नाहीत. त्याला जवळजवळ पूर्ण वेगाने धावायचे असते आणि तेही पाऊण मिनिटापेक्षा थोडे कमी-जास्त.

स्नायूला काम करायला एटीपी नावाचे रासायनिक इंधन लागते. त्याचा तयार साठा अगदी थोडा असतो, दोन-तीन सेकंदांचा. त्याच्या जोडीला क्रिएटिन फॉस्फेट असते, ते आणखी काही सेकंद रेटते. त्यानंतर स्नायू साठवलेली साखर प्राणवायूशिवाय फोडू लागतो. ही पद्धत वेगवान आहे, पण तिच्यातून आम्ल तयार होते. तिसरा मार्ग प्राणवायू वापरून साखर जाळण्याचा. हा सर्वांत किफायतशीर, पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. चारशे मीटरच्या शर्यतीत सुमारे ४० टक्के ऊर्जा या तिसऱ्या मार्गाने येते. उरलेली उधारीवर.

उधारीचा हिशेब शेवटच्या शंभर मीटरमध्ये द्यावा लागतो. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कने ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्या शर्यतीत त्याला दुसरे शंभर मीटर जायला दहा सेकंदांहूनही कमी वेळ लागला होता. शेवटच्या शंभर मीटरला सुमारे बारा सेकंद लागले. जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा शेवटी मंदावतो. टीव्हीवर पाहताना वाटते की जिंकणारा शेवटी वेग वाढवतो. खरे तर सगळेच मंदावलेले असतात. जिंकणारा सर्वांत कमी मंदावतो.

शर्यत संपल्यावर हे धावपटू जमिनीवर लोळण घेतात, काहींना उलट्या होतात. त्यात नाटक नसते. विश्रांतीच्या वेळी रक्तातले लॅक्टेटचे प्रमाण एक मिलिमोलच्या आसपास असते. कसून धावलेल्या चारशे मीटरनंतर ते वीसच्याही पुढे जाते. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.० च्या जवळ उतरतो. अतिदक्षता विभागात एखाद्या रुग्णाचा असा अहवाल आला, तर डॉक्टर-परिचारिकांची धावपळ सुरू होईल. धावपटू मात्र दहा-पंधरा मिनिटांत उठून बसतो आणि तासाभरात त्याचे रक्त जवळजवळ पूर्ववत होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लॅक्टेट हे विष नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरते, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते तेही लॅक्टेटमुळे नव्हे. ते तर केव्हाच निघून गेलेले असते. ते दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे असते.

धावपटू सावरतो त्याची कारणे दोन. एक, तो थांबतो, म्हणजे स्नायूची मागणी कमी होते. दोन, त्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, म्हणजे प्राणवायू येत राहतो आणि आम्ल वाहून जाते. ही दोन्ही कारणे लक्षात ठेवावीत. पुढच्या गोष्टीत दुसरे कारणच नाहीसे होते.

एका हाताने धावताना

धावणे पायांचे काम, मग हाताने काय फरक पडतो, असा प्रश्न साहजिक आहे. उजवा पाय पुढे जातो तेव्हा कंबर डावीकडे वळू पाहते. त्याच क्षणी डावा हात पुढे येऊन छाती-खांदे उलट बाजूला वळवतो आणि धड सरळ राहते. दोन्ही हात डोक्यावर धरून वीस पावले धावून पाहिले, तर हे कोणालाही लगेच कळेल. तेवढ्याच वेगासाठी जास्त ऊर्जा खर्च होते.

ज्याचा एक हात अपुरा आहे, त्याच्या शरीराचा तोल प्रत्येक पावलाला थोडा बिघडतो. तो पोटाच्या, पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी सावरावा लागतो. वळणावर हे आणखी अवघड होते. शिवाय सुरुवातीला बसून, हात टेकून उसळी घ्यायची असते. तिथे अपुऱ्या हाताखाली आधाराचा ठोकळा ठेवावा लागतो. या सगळ्यासह ४९.४८ सेकंद हा काय वेग आहे, हे तालुका क्रीडा स्पर्धेत फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर एकदा तरी चारशे मीटर धावलेल्या माणसाला कळेल. सुदृढ, पण सराव नसलेल्या तरुणाला एका मिनिटाच्या आत येणेही जड जाते.

बांधलेल्या हातात काय होते?

आता झाडावरून पडलेल्या मुलाकडे येऊ. पाच ते सात वर्षांच्या मुलात कोपराजवळ होणारे सर्वांत नेहमीचे फ्रॅक्चर म्हणजे दंडाच्या हाडाचे, कोपराच्या जरा वर झालेले. त्या जागी हाड पातळ असते आणि नेमकी तिथेच, हाडाच्या पुढून, हाताची मुख्य रोहिणी आणि महत्त्वाच्या नसा जातात. मोडलेल्या हाडाचे टोक पुढे सरकले तर रोहिणी दबते किंवा फाटते.

ती वाचली तरी धोका संपत नाही. हाताच्या कोपराखालच्या भागात स्नायूंचे गठ्ठे असतात आणि प्रत्येक गठ्ठ्याभोवती एक चिवट, न ताणणारे आवरण असते. मुका मार लागला किंवा हाड मोडले की आत सूज येते. आवरण ताणले जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. एरवी हा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. तो तिसाच्या वर गेला की बारीक रक्तवाहिन्या मिटू लागतात. मोठ्या रोहिणीतून रक्त येत असते, मनगटावर नाडीही लागते, पण स्नायूच्या पेशीपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. डॉक्टर याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात.

त्यात बाहेरून आवळून पट्टी बांधली, तर सूज यायला उरलीसुरली जागाही जाते. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये हे लिहून ठेवले. घट्ट पट्ट्या बांधलेल्या हातांची बोटे पुढे आकडीसारखी वळून कायमची आखडतात आणि याचे कारण लकवा नसून स्नायूंना रक्त न मिळणे हे आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्या आखडलेल्या हाताला आजही त्याचेच नाव आहे.

शर्यतीतल्या पायात आणि या हातात सुरुवातीची रासायनिक क्रिया एकच आहे. प्राणवायू कमी पडला की स्नायू साखर आम्लात फोडू लागतो. फरक वेळेचा आहे. धावपटूची उधारी पन्नास सेकंदांची असते आणि तो थांबला की फिटते. बांधलेला हात मुळात स्थिरच असतो. तो आणखी थांबणार कसा? त्याची उधारी मिनिटामिनिटाने वाढत जाते. साधारण चार तासांपर्यंत स्नायू सावरू शकतो. सहा तासांच्या पुढे कायमची इजा होऊ लागते. आठ तास उलटले तर बराचसा स्नायू मेलेला असतो, मग हाड कितीही छान जुळवले तरी उपयोग नाही. मेलेल्या स्नायूत जंतू शिरले, गँगरीन झाले, तर जीव वाचवण्यासाठी हात काढावा लागतो.

गावोगावी हाड बसवणारे जाणकार असतात आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास असतो. ते जवळ असतात, रात्री-अपरात्री दार उघडतात, पैसे फार मागत नाहीत. साधी मुरगळ त्यांच्याकडे बरी होते, म्हणून तो विश्वास टिकतो. पण बांबूच्या कामट्या लावून, लेप देऊन आवळलेली पट्टी आतला दाब मोजू शकत नाही. ‘दुखणारच, हाड बसतंय’ असे सांगून मुलाला गप्प केले जाते आणि मोलाचे तास निघून जातात. हे फक्त गावठी पट्टीचे नाही. दवाखान्यात घातलेले प्लास्टरसुद्धा सूज वाढल्यावर आवळू शकते. म्हणून प्लास्टर घालून घरी आलेल्या मुलाकडेही पहिले दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

कशावरून ओळखावे?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे वाढत जाणारे दुखणे. मोडलेला हात नीट आधार देऊन स्थिर ठेवला की वेदना हळूहळू कमी व्हायला हवी. ती वाढत असेल, औषध देऊनही मूल तळमळत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. लहान मूल ‘हात आवळतोय’ असे सांगत नाही. ते अस्वस्थ होते, चिडचिड करते, झोपत नाही, पुन्हा पुन्हा औषध मागते. याला हट्ट समजू नये.

दुसरी खूण बोटांवर दिसते. मुलाची वळलेली बोटे हलकेच सरळ करून पाहावीत. तेवढ्याने ते किंचाळले, तर वेळ घालवू नये. बोटांना मुंग्या येणे, बधिर होणे, बोटे हलवता न येणे, ती पांढरट किंवा निळसर पडणे, गार लागणे या पुढच्या खुणा. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे. नाडी शेवटी जाते.

अशी शंका आली तर पट्टी, कामट्या, आतला कापूस सगळे त्वचेपर्यंत पूर्ण सोडावे. नुसती वरची गाठ सैल करून भागत नाही. प्लास्टर असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तिथे ते कापून मोकळे करतात. हात छातीच्या पातळीवर ठेवावा. फार उंच टांगला तर आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी चढते. एवढे करूनही दाब उतरला नाही, तर शल्यचिकित्सक स्नायूंवरचे आवरण चिरून मोकळे करतात. जखम मोठी दिसते, आईबापांना धक्का बसतो, पण त्या चिरेमुळेच हात वाचतो.

पडल्या जागी करायचे उपाय साधे आहेत. हातातली बांगडी, कडे, अंगठी, दोरा सूज येण्याआधी काढावा. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत, घडी केलेल्या वर्तमानपत्राचा किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन, ओढणी किंवा टॉवेलच्या झोळीत ठेवावा. ओढू नये, चोळू नये, तेल लावू नये. हाड बाहेर आले असेल तर स्वच्छ कापडाने झाकावे. डॉक्टरांनी पाहीपर्यंत काही खायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामे लागते.

डोंगरातले सहा तास

शहरात सहा तास पुष्कळ वाटतात. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतून हिशेब केला तर ते पाहता पाहता संपतात. मूल दुपारी पडते. आईबाप शेतावर किंवा कामावर, ते येईपर्यंत तास जातो. मग शेजारच्या गावातल्या जाणकाराकडे पट्टी. रात्रभर रडणे. सकाळची एसटी पकडून पोलादपूर किंवा महाड. तिथून पुढे पाठवावे लागले तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभरेक किलोमीटर, मुंबई त्याहून लांब. रुग्णालयाच्या दारात मूल पोहोचते तेव्हा घड्याळात अठरा-वीस तास झालेले असतात. यात दोष कोणा एकाचा नसतो, पण किंमत त्या मुलाच्या हाताची असते.

म्हणून पट्टी बांधायची की नाही या वादापेक्षा क्रम बदलणे महत्त्वाचे आहे. आधी दवाखाना, आधी एक्स-रे, आधी बोटांची तपासणी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. ती वाडीपर्यंत येऊ शकत नसेल तर डोलीने किंवा मोटारसायकलने डांबरी रस्त्यापर्यंत यावे आणि निघतानाच फोन करावा. आशाताईंना, अंगणवाडीच्या बाईंना, शाळेतल्या गुरुजींना या खुणा माहीत असतील तर अर्धे काम तिथेच होते. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय नाही, तिथेही पट्टी पूर्ण सोडणे, नसा तपासणे आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून ठेवणे हे करता येते, आणि त्याने तास वाचतात.

हाच हिशेब दरडींनाही लागू पडतो, आणि महाडकरांना तो विसरता येणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. दगड-मातीखाली तासन्‌तास दबलेल्या हातापायांत हेच घडते. वरचा भार काढताच मरू लागलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात उतरते. हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून अडकलेला माणूस शुद्धीवर असला तरी शक्यतो भार काढण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करतात, आणि तो किती वेळ दबला होता हे डॉक्टरांना सांगणे अतिशय गरजेचे असते.

दिलीप गावितच्या पदकाचे मोल त्याच्या पायांचे, फुप्फुसांचे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचे आहे. हात गमावलेल्या मुलाला शाळेतून, मैदानातून बाजूला बसवू नये, एवढे तरी त्याच्या शर्यतीने शिकवावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर काढले आणि शाळेने दखल घेतली तर अशा मुलांसाठी स्पर्धांचे वेगळे गट आहेत, प्रशिक्षण आहे. पण ज्या मुलाचा हात वाचवता येण्यासारखा आहे, त्याचा तो वाचवणे हे त्याआधीचे काम.

त्यासाठी घरातल्या माणसांनी एक छोटी सवय लावून घ्यावी. मूल पडले की पडल्याची वेळ एका कागदावर लिहावी. कोणी पट्टी किंवा प्लास्टर घातले तर ती वेळही खाली लिहावी आणि तो कागद मुलासोबत पाठवावा. ट्रॅकवर सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रे असतात; इथे घरातले भिंतीवरचे घड्याळ पुरते. रुग्णालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, की किती वाजता पडला. ‘काल दुपारी कधीतरी’ या उत्तरावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. ‘दोन वाजून दहा मिनिटांनी’ या उत्तरावर येते.